गोष्टीची लांबी कोण ठरवतं? : लघुकथा, दीर्घकथा आणि लघुकादंबरी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली. ते एका वाचनालयात ग्रंथपाल आहेत. त्यांनी विचारलं होतं, "सर, 'बनगरवाडी' कुठल्या कपाटात लावायची? आमच्याकडे दोन प्रती आहेत. एक कादंबऱ्यांत आहे आणि दुसरी कथासंग्रहांत. आमच्या आधीच्या दोन ग्रंथपालांनी आपापल्या मताप्रमाणे लावल्यात. कोणाचं बरोबर?"

प्रश्न साधा आहे. पण मी त्यावर आठवडाभर अडकून पडलो. आजचं व्याख्यान म्हणजे त्या चिठ्ठीचं उत्तर समजा.

परीक्षेच्या मार्गदर्शकात याचं उत्तर तयार असतं. दहा-पंधरा पानं असली की लघुकथा, चाळीस-पन्नास पानं झाली की दीर्घकथा, शंभराच्या आसपास लघुकादंबरी, आणि त्यापुढे कादंबरी. आता मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, साहित्य नव्हे. त्यामुळे मला पहिली शंका वेगळीच येते. पंधराव्या पानापर्यंत लघुकथा होती आणि सोळावं पान उलटलं की ती दीर्घकथा झाली, असं कसं होईल? ग्रीकांचं ढिगाचं जुनं कोडं आहे, तसलाच हा प्रकार. एकेक दाणा काढत गेलं तर ढीग नेमका कुठल्या दाण्याला ढीग राहत नाही? पानं मोजून प्रकार ठरत नाही. मग कशानं ठरतो?

याचं फार चांगलं उत्तर ॲरिस्टॉटलच्या 'काव्यशास्त्रा'त आहे, आणि आपल्याकडे ते सहसा कथेच्या संदर्भात वाचलं जात नाही. सातव्या प्रकरणात तो नाटकाच्या लांबीचा विचार करतो. तो म्हणतो, प्राणी फार चिमुकला असेल तर त्याचं सौंदर्य दिसत नाही, आणि शेकडो मैल लांबीचा असेल तरी दिसत नाही, कारण तो एका नजरेत मावत नाही. कथानकही तसंच स्मरणात मावलं पाहिजे. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचा भाग महत्त्वाचा. तो म्हणतो, स्पर्धेत शंभर नाटकं असती तर ती पाण्याच्या घड्याळावर, म्हणजे आपल्या भाषेत घटिकापात्र लावून, उरकावी लागली असती. पण ती मर्यादा कलेची नव्हे. कलेची मर्यादा कथानकाच्या आतून येते: माणसाची अवस्था पालटायला, सुखातून दुःखात किंवा दुःखातून सुखात जायला, जेवढी लांबी लागते तेवढी.

म्हणजे लांबी ठरवणाऱ्या दोन गोष्टी झाल्या. एक बाहेरची, घटिकापात्र. दुसरी आतली, पालट. या दोन शब्दांना धरून ठेवा. लघुकथा-दीर्घकथेचा सगळा इतिहास या दोघांच्या ओढाताणीचा इतिहास आहे, असं माझं म्हणणं आहे.

आपल्या परंपरेतही हा विचार झालेला आहे. भामहानं 'कथा' आणि 'आख्यायिका' असे दोन प्रकार केले. दंडीनं ते मोडीत काढले आणि सांगितलं, जात एकच आहे, नावं दोन आहेत. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन 'ध्वन्यालोका'त आणखी प्रकार नोंदवतो. त्यांत 'खंडकथा' आणि 'सकलकथा' अशी जोडी येते. अभिनवगुप्तानं तिचा अर्थ दिलाय. जिच्यात वृत्ताचा एकच भाग वर्णिलेला असतो ती खंडकथा, आणि फळ मिळेपर्यंतचं सगळं वृत्त येतं ती सकलकथा. बघा, इथे लांबीचा उल्लेखच नाही. किती सांगितलं यापेक्षा कुठला भाग सांगायला घेतला आणि कुठे सोडला, हा निकष आहे. (आणि गंमत म्हणजे बाणभट्टाच्या एका नायिकेच्या नावावरून आपण अख्ख्या वाङ्मयप्रकाराला 'कादंबरी' म्हणू लागलो!)

आता युरोपात जाऊ, कारण 'नॉव्हेला' हे नाव तिथलं आहे. इटालियन भाषेत 'नोव्हेल्ला' म्हणजे काहीतरी नवं, ताजी खबर. १३४८ साली फ्लॉरेन्समध्ये प्लेगनं थैमान घातलं. त्या पार्श्वभूमीवर बोकाच्चोनं 'डेकॅमेरॉन' लिहिलं. सात तरुणी आणि तीन तरुण शहराबाहेर जातात आणि दहा दिवस रोज प्रत्येकी एक गोष्ट सांगतात. दहा दाही शंभर गोष्टी. यातली एकेक गोष्ट म्हणजे नोव्हेल्ला. शहरात माणसं मरताहेत, आणि इथे गोष्टीची लांबी आहे एका माणसानं बोलावं आणि बाकीच्या नऊ जणांनी ऐकावं एवढी. घटिकापात्र इथेही आहे, पण ते बैठकीचं आहे.

पुढे जर्मन लोकांनी या प्रकारावर सगळ्यांत जास्त डोकं खपवलं. १८२७ साली गोएथे एकरमानशी बोलताना म्हणाला की 'नोव्हेले' म्हणजे दुसरंतिसरं काही नसून प्रत्यक्ष घडलेली, पूर्वी कधी न ऐकलेली एक घटना. यातला 'एक' हा शब्द मला कळीचा वाटतो. कादंबरीत अनेक घटना असतात, अनेक माणसं वेगवेगळ्या वेगानं बदलत असतात. नोव्हेलेत एकच घटना असते. पण ती घडून थांबत नाही, तिचे परिणाम भोगायला जागा लागते.

दोन उदाहरणं देतो. टॉलस्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' १८८६ सालची. बारा छोटी प्रकरणं. सुरुवातीलाच बातमी येते की इव्हान इलिच गेला. म्हणजे काय होणार याचं कुतूहल लेखकानं पहिल्याच पानावर संपवून टाकलं. उरतं ते एवढंच, की एक बऱ्यापैकी सुस्थित न्यायाधीश आपण मरणार हे कसं मान्य करतो. दुसरं काफ्काचं 'रूपांतर', १९१५ चं. माणूस सकाळी उठतो तो किड्याच्या रूपात. पालट पहिल्याच वाक्यात होऊन गेला. पुढची सगळी पानं घरच्यांची आहेत: आईवडील आणि बहीण हळूहळू त्याच्यापासून कसे दूर होतात त्याची. हे दहा पानांत सांगितलं असतं तर चमत्कारिक किस्सा झाला असता. पाचशे पानांत सांगितलं असतं तर शेजारीपाजारी, ऑफिस, गाव सगळं आत आलं असतं, आणि त्या एका खोलीची घुसमट गेली असती.

आता बाहेरचं घटिकापात्र कसं चालतं ते चेकॉव्हमध्ये दिसतं. वैद्यकीचा विद्यार्थी असताना घर चालवायला तो विनोदी साप्ताहिकांत लिहीत असे. 'ओस्कोल्की' नावाच्या साप्ताहिकात मजकुराला शंभरेक ओळींची मर्यादा होती, आणि त्या मर्यादेबद्दल त्यानं संपादकाकडे कुरकुरही केली होती. पण त्याच शंभर ओळींनी त्याला काय गाळायचं ते शिकवलं. मग १८८८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याला मोठ्या मासिकात जागा मिळाली, आणि त्यानं 'स्टेप' लिहिली. नऊ वर्षांचा एक मुलगा शाळेसाठी गवताळ मैदानातून गाडीतून जातो, एवढंच त्यात घडतं. रशियनमध्ये छोट्या कथेला 'रास्काज' म्हणतात आणि या मधल्या प्रकाराला 'पोव्हेस्त' हे स्वतंत्र नाव आहे. त्यांच्याकडे मधल्या खोलीला दार आहे. आपल्याकडे ते कधी झालं, ते आता पाहू.

मराठीत आधुनिक कथेची सुरुवात सांगताना हरिभाऊ आपट्यांचं नाव घेतात. त्यांचं 'करमणूक' साप्ताहिक १८९० साली सुरू झालं. त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येत होती. आणि ज्या गोष्टी क्रमशः नव्हत्या, सुट्या होत्या, त्यांना 'स्फुट गोष्टी' म्हटलं गेलं. दुष्काळावरची 'काळ तर मोठा कठीण आला!' ही त्यांतलीच. 'स्फुट' या शब्दाकडे लक्ष द्या. तो कलेचा शब्द नाही, छापखान्याचा शब्द आहे. सुटं, चालू नसलेलं. म्हणजे मराठीत छोट्या गोष्टीचं पहिलं आधुनिक नाव तिच्या रूपावरून पडलं नाही. अंकातल्या जागेवरून पडलं.

पुढे मासिकं वाढली. 'लघुकथा' हा शब्द रुळला. ना. सी. फडके आमच्याच मुलखातले, म्हणजे तर्कशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहिलं. सुरुवात, गुंतागुंत, कलाटणी, शेवट असं तंत्र त्यांनी मांडलं. त्यांची चेष्टा करणं सोपं आहे, मीही वर्गात केली आहे. पण एक मान्य केलं पाहिजे: गोष्ट ही विचार करून बांधायची वस्तू आहे, हे त्यांनी मराठी लेखकांना पटवलं. फक्त बांधणीचा साचा ठरला की पालटही ठरावीक होतो. वाचक शेवटच्या कलाटणीची वाट बघत बसतो.

१९४५ नंतर नवकथा आली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर. 'सत्यकथा' मासिकाचा आधार होता. कलाटणीची सक्ती गेली. माणसाच्या मनात एखादा क्षण कसा उलगडतो, तेवढ्यावर कथा उभी राहू लागली. पुढे १९६३ मध्ये बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला, आणि छोट्या कथेत केवढा स्फोट मावू शकतो ते दिसलं. या सगळ्यात आणखी एक गोष्ट नकळत झाली. लोक 'लघुकथा' म्हणायचे हळूहळू सोडून नुसतं 'कथा' म्हणू लागले. 'लघु' गळलं. याचा अर्थ तिला कोणाची तरी धाकटी बहीण म्हणून ओळख द्यायची गरज उरली नाही.

आणि दीर्घकथा? ती आली दिवाळी अंकांच्या बळावर, असं मला वाटतं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी लेखकाला वर्षातून एकदा ऐसपैस जागा मिळू लागली. नेहमीच्या अंकात जी गोष्ट मावत नव्हती ती दिवाळीत मावायची. पण दिवाळीनंतर काय? एकटीचं पुस्तक करायला दीर्घकथा अपुरी, आणि संग्रहात घातली तर बाकीच्या कथांना झाकोळून टाकणारी. मग काही लेखकांच्या दोन-दोन दीर्घकथा एका पुस्तकात आलेल्या दिसतात. कमल देसाईंची 'काळा सूर्य' आणि 'हॅट घालणारी बाई' ही जोडी तशी आहे. जी. ए. कुलकर्णींच्या 'रमलखुणा'त 'प्रवासी' आणि 'इस्किलार' अशा दोनच कथा आहेत. आणि त्याच १९७५ साली जीएंचं 'सांजशकुन'ही आलं, ज्यात अगदी लहान, रूपकासारख्या कथा आहेत. एक लेखक, एक वर्ष आणि दोन टोकं! पानं मोजणाऱ्याला यात काही मेळ लागणार नाही. पण दोन्ही पुस्तकं वाचली की कळतं: 'सांजशकुन'मध्ये माणूस आपल्या नियतीसमोर येऊन उभा राहतो, 'रमलखुणा'त त्याला तिथपर्यंत चालत जावं लागतं. चालायला वेळ लागतो. म्हणून पानं लागतात.

आता एका मोठ्या आक्षेपाला उत्तर द्यायला हवं. भालचंद्र नेमाड्यांनी लघुकथेला क्षुद्र वाङ्मयप्रकार ठरवलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मासिकांच्या मागणीपोटी शेकड्यांनी कथा पाडल्या गेल्या, लेखक छोट्या यशात अडकले. पण ही घटिकापात्रावरची टीका झाली. कादंबरीही साप्ताहिकाच्या हप्त्यांतून वाढली, हे आपण आत्ताच पाहिलं. हप्ते भरायला फुगवलेल्या कादंबऱ्या काय थोड्या आहेत? प्रकार क्षुद्र असेल तर चेकॉव्हला कुठे ठेवायचं? ॲलिस मन्रोला २०१३ साली नोबेल मिळालं ते कथांच्याच बळावर. बाहेरच्या घड्याळाचं ओझं दोघींच्याही डोक्यावर आहे. प्रश्न असतो तो लेखकानं आतला पालट सांभाळला का, एवढाच.

हे मी आज एवढ्या ठामपणे सांगतोय, पण मंडळी, मला हे फार उशिरा कळलं. ते कसं, तेही सांगतो. नाहीतर हे सगळं पुस्तकी राहील.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्यानं मला एक हस्तलिखित वाचायला दिलं. ऐंशी पानं. वडिलांची गिरणीतली नोकरी जाते, आणि त्यानंतर ते घरी दिवसभर काय करतात, एवढाच विषय. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालणं, घड्याळं दुरुस्त करणं, मुलाच्या वह्यांना कव्हरं घालणं. मला आवडलं होतं. पण मी त्याला काय सांगावं? मी म्हणालो, "अरे, हे अधलंमधलं झालंय. वीस पानांवर आण, मासिकाकडे पाठवता येईल. नाहीतर दोनशेपर्यंत ने, प्रकाशक विचार करेल." मी मोठ्या आपुलकीनं सांगितलं. त्यानं दोन वर्षं खपून ते दोनशेवर नेलं. त्यात संप आला, पुढारी आले, बहिणीचं लग्न आलं. वडील कुठेतरी हरवले. ते छापलं गेलं नाही. आणि त्यानंतर त्यानं काही लिहिलं नाही.

त्याला पुस्तकच करायचं नव्हतं, त्याला वडिलांचे ते दिवस मोजायचे होते. ऐंशी पानं हीच त्या दिवसांची लांबी होती. ॲरिस्टॉटल मी वर्गात शिकवत होतो, आणि घरी आलेल्या मुलाला घटिकापात्र हातात देत होतो. त्या मूळ ऐंशी पानांची प्रत माझ्याकडे नाही. त्याच्याकडेही नाही, मी विचारलं होतं.

म्हणून ही नावं मला निव्वळ परीक्षेचा विषय वाटत नाहीत. नाव असलं की लिहिणाऱ्याला धीर येतो. 'लघुकादंबरी' असा प्रकार आहे, त्याला परंपरा आहे, टॉलस्टॉय आहे, जीए आहेत, एवढं जरी मी त्या दिवशी म्हणालो असतो, तरी कदाचित पुरलं असतं. 'सत्यकथा' १९८२ साली बंद झालं. मासिकांची घडी विसकटली. आज लिहिणाऱ्या मुलामुलींसमोर मोबाइलच्या पडद्याचं घटिकापात्र आहे. ते चेकॉव्हच्या शंभर ओळींपेक्षाही लहान असतं. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. चेकॉव्हनं त्यातूनही शिकून घेतलं. पण त्याला पुढे 'स्टेप'पुरती जागा मिळाली. आपण ती जागा राखतोय का, हे बघायला हवं. दिवाळी अंक विकत घ्या, असं मी सांगेन. भिशीचे पैसे त्यात गेले तरी चालतील!

आता ग्रंथपालांच्या चिठ्ठीकडे. 'बनगरवाडी' १९५५ ची. तिच्याआधी, १९४९ मध्ये, माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' आलं होतं. त्यात 'झेल्या' आहे. एक मास्तर आणि एक मुलगा. 'बनगरवाडी'तही एक तरुण मास्तर आहे, धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला गेलेला. लेखक तोच, मुलूख तोच, पेशाही तोच. मग एक थोडक्या पानांत का संपतं आणि दुसऱ्याला पुस्तक का लागतं?

'झेल्या'त आपण एका मुलाला ओळखतो. ओळख झाली की पुरे होतं. 'बनगरवाडी'त मास्तर वाडीत परका म्हणून येतो. शाळेत मुलं नसतात, ती जमवावी लागतात. कारभाऱ्याचा विश्वास मिळवावा लागतो. तालीम बांधली जाते. आणि मग दुष्काळ येतो, वाडी उठून जाते. पालट एकच आहे: परका माणूस आपला होतो, आणि तो आपला होईपर्यंत ती वाडीच उरत नाही. हे दुःख वाचकाला कळायचं तर त्यालाही त्या वाडीत राहावं लागतं, ऋतू बदलताना पाहावे लागतात. त्याला दिवस लागतात. पण उपकथानकं लागत नाहीत, मास्तरचं प्रेमप्रकरण लागत नाही, औंध संस्थानचा इतिहास लागत नाही. माडगूळकरांनी ते काहीच घातलं नाही. हाच त्यांचा संयम. म्हणून ती फुगवलेली कथा नाही आणि आटलेली कादंबरीही नाही. ती लघुकादंबरी आहे, पूर्ण आहे.

तर ग्रंथपाल साहेब, माझं ऐकाल तर दोन्ही प्रती काढा आणि एक छोटा कप्पा वेगळा करा. त्यात 'बनगरवाडी' ठेवा, माडगूळकरांचंच 'सत्तांतर' ठेवा, 'रमलखुणा' ठेवा, कमल देसाई ठेवा. कप्प्यावर 'लघुकादंबरी आणि दीर्घकथा' अशी चिठ्ठी लावा. वाचनालयात येणाऱ्या एखाद्या मुलीच्या पिशवीत ऐंशी पानं असतील. तिला तो कप्पा दिसला पाहिजे.

बाकीच्यांना एक छोटं काम देतो. पुढच्या व्याख्यानापर्यंत 'झेल्या' आणि 'बनगरवाडी' लागोपाठ वाचा. 'झेल्या' एका बैठकीत होईल. 'बनगरवाडी'ला तीन संध्याकाळी द्या, घाई करू नका. मग मला कळवा, लांबी तुम्हाला कुठे जाणवली आणि कुठे जाणवली नाही. आज इथेच थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.